एकसारख्या बरण्या

रविवार, २ मार्च

लेकीच्या घरी येऊन आठवडा झाला. गिरणीत असताना रोजनिशी लिहायला सवड नव्हती, आणि लिहिण्यासारखे काही घडतही नव्हते. गहू आत, पीठ बाहेर. आता गिरणी धाकट्या भावावर सोपवून आम्ही दोघे लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला परदेशी आलो आहोत. बाळंतपण बायको करणार, मी नुसता सोबतीला. जावईबापूंनी विचारले, "बाबा, वेळ कसा जाईल तुमचा?" तेव्हा त्यांच्याकडून ही वही मागून घेतली.

लेकीला नववा लागला आहे. तिने ओझे उचलायचे नाही, म्हणून वाणसामान आणण्याचे काम माझ्याकडे आले. आज दुकान दाखवायला चौघे गेलो. दुकान कसले, धान्याचे गोदाम शोभेल एवढे. फरशी अशी की खाली पाहिले तर आपलेच तोंड दिसावे. पण वास कशाचाच नाही. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात शिरले की डोळ्यांच्या आधी नाक कामाला लागते. हिंग कुठे, गूळ कुठे, रॉकेलचा डबा कुठे, सगळे अंधारातही सापडते. इथे नाकाला सुटी. सगळे पिशवीत, पिशवी खोक्यात, वर परकी लिपी. ओळखायचे ते चित्रावरून. एका पुड्यावर नुसती हसरी बाई होती. आत काय असेल ते तिलाच ठाऊक.

पिठाची रांग आली आणि माझा हात सवयीने पुढे गेला. पिशवीचा कोपरा नखाने उचकटला, चिमूट घेतली, अंगठ्याखाली चोळून पाहिली. लगेच रखवालदार हजर. लेक हसून त्याच्याशी काहीतरी बोलली आणि ती पिशवी आमच्या ढकलगाडीत टाकली.

"बाबा, इथं फोडलं की घ्यावं लागतं."

"मग पीठ कसं आहे ते कळायचं कधी?"

"घरी गेल्यावर."

"म्हणजे आधी लग्न करायचं आणि मग मुलगी बघायची."

जावईबापू तोंड फिरवून खोकले.

बायको गाडीची दांडी धरून चालत होती. एकेक पुडा हातात घ्यायची, दाबायची, कानाशी हलवायची, परत ठेवायची. म्हणाली, "सगळं मेलं गुंडाळून ठेवलंय. हाताला काही कळतच नाही."

पीठ बरे निघाले. जरा जाडसर.

बुधवार, ५ मार्च

लेक झोपली होती, मी आंघोळीला गेलो होतो. बायको समोरच्या छोट्या दुकानातून दही आणायला एकटीच गेली. मला बरे वाटले. आल्यापासून ती घराबाहेर पडायला तयार नव्हती; पाय दुखतात म्हणते, जिनाही कठड्याला धरून उतरते. नवे बूट बोचत असतील.

पांढरा डबा घेऊन आली. रात्रीच्या कोशिंबिरीसाठी लेकीने तो उघडला, तर भिंतीच्या भेगा बुजवायची लांबी. दुकानात किराणा आणि रंगकाम शेजारीशेजारी आहे, आणि डबे तसेच दिसतात, हे खरे.

जावईबापू म्हणाले, "घालून टाका आई. कोशिंबीर टिकाऊ होईल."

सगळे पोट धरून हसलो. बायकोही हसली. मग बराच वेळ ओट्याकडे तोंड करून काकडी चोचवत राहिली. लेकीने हाक मारली तरी वळली नाही. थट्टा लागली असावी.

शनिवार, ८ मार्च

मन थाऱ्यावर नाही. कोणाला सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहितो.

देवांची पेटी आणताना निरांजनही आणले होते. पहिल्या दिवशी उदबत्ती लावली तर छतावरचे यंत्र असे केकाटले की शेजारी बाहेर आले आणि जावईबापू खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत बसले. तेव्हापासून उदबत्ती बंद, नुसता दिवा. तो खिडकीपाशी चालतो.

आज सकाळी बायकोने निरांजनात तेल घालून ठेवले होते. मी काडी ओढली. वात चरचरली आणि विझली. दुसरी वात घातली, तीही विझली. तिसऱ्यांदा मला काडी ओढायचा धीर झाला नाही. लेकीचे दिवस भरत आले आहेत आणि देवापुढचा दिवा धरत नाही. माझी आई असती तर उपास धरला असता. मी काही न बोलता निरांजन घासायला नेले. घासताना त्याला भलताच फेस आला. इथला साबण चांगला दिसतो.

मग मी स्वतः बाटलीतले तेल घातले आणि दिवा लागला. पण पहिला विझला तो विझलाच.

मंगळवार, ११ मार्च

आज एक काम मनासारखे झाले.

लेकीच्या स्वयंपाकघरात सगळे पुड्यांत असते. कुठला चौकोनी, कुठला लांबट, कुठला कुरकुरणाऱ्या कागदाचा, एकाला चिमटा, एकाला गाठ. बायको त्यांत हात घालून चाचपत बसते. हे सगळे नीट लावून द्यावे असे मनात होते. बस थांबते तिथे घरसामानाचे दुकान आहे. झाडू, बादल्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, सगळे मिळते. तिथून काचेच्या बरण्या आणल्या. सगळ्या एका मापाच्या, निळ्या झाकणाच्या. सारे पुडे त्यांत रिकामे केले आणि प्रत्येकीवर मराठीत चिठ्ठी लिहून डकवली. मीठ, साखर, रवा, मैदा. शाळेत गुरुजी माझ्या अक्षराचा कागद वर्गात फिरवत असत. ते वळण अजून गेलेले नाही. एक बरणी उरली. ती रिकामी बरी दिसेना, रांग मोडत होती, म्हणून तीत धुण्याचा सोडा भरला आणि तसे लिहिले.

बायको आली. रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.

"सगळ्या सारख्याच आणल्यात होय?"

"मग? शोभतात."

"पुडे टाकलेत का?"

"कचऱ्यात. कशाला हवेत आता?"

"नाही. सहज विचारलं." आणि खुर्चीवर बसली.

कौतुकाचा शब्द नाही. पण बायकांना आपल्या स्वयंपाकघरात दुसऱ्याचा हात खपत नाही, हे मी धरून चालतो.

गुरुवार, १३ मार्च

चहात मीठ. काल शिऱ्यात रव्याऐवजी दुसरेच काही. लेक चिडली. मी म्हणालो, "अगं, चिठ्ठ्या कशाला लावल्यात?"

"तुमचं अक्षर बारीक आहे."

पुन्हा सगळ्या चिठ्ठ्या ठळक लिहिल्या. आता गिरणीवरच्या पाटीएवढी अक्षरे आहेत.

खरे सांगायचे तर मला वाईट वाटले. गिरणीत दारावर डब्यांची रांग लागायची, सगळे डबे पत्र्याचे, पण हिने कधी एकाचे दळण दुसऱ्याला दिले नाही. झाकणाचा पोचा, कडीचा आवाज, एवढ्यावर घर सांगायची. तीच बाई इथे साखरेत आणि मिठात चुकते, तेही नाव लिहिलेले असताना. तिचे मन इथे नाही. मन नसले की हातही नसतो.

रविवार, १६ मार्च

वाईट दिवस.

जेवायला बसलो. लेकीने पोळीचा पहिला घास घेतला आणि थुंकला. मीही चाखून पाहिले. जीभ पोळल्यासारखी झाली. कणकेत मीठ म्हणून धुण्याचा सोडा पडला होता. लेकीने तोंड धुतले, रडायला लागली. जावईबापूंनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, थुंकला असेल तर काही होत नाही, पाणी प्या. हे कळेपर्यंत मी खिडकीशी जाऊन देवाचे नाव घेत उभा राहिलो, पण पुढचे शब्द आठवेनात.

मग लेक म्हणाली, "आई, उद्या बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात काय घालशील?"

बायकोने सगळ्यांची ताटे उचलली, कणीक काढून टाकली, परात घासायला घेतली.

"मी विचारतेय, आई. लक्ष कुठे असतं तुझं? मी बाळ कुणाच्या भरवशावर टाकू?"

जावईबापू हळूच म्हणाले, "पुरे."

"पुरे काय? इथं शिकलेल्या बाया मिळतात. आपण बघू या एखादी. आईनं नुसतं बसावं, बोलावं. बाळाला हात लावायला नको."

बायको झोपायच्या खोलीत आली तेव्हा मला एकच विचारले, "ही मला खरंच हात लावू देणार नाही का हो?"

मी म्हणालो, "रागात बोलली. विसरेल." पण ती विसरली नव्हती. बाहेर जावईबापू फोनवर चौकशी करत असल्याचे मला ऐकू येत होते.

बरण्या मी आणल्या. सोडा मी भरला. पण चिठ्ठीही मीच लावली होती, आणि ती न वाचणाऱ्याला काय करावे?

सोमवार, १७ मार्च

मायलेकींचा समेट झालासा वाटतो. दुपारी लेक आपणहून आईजवळ येऊन बसली. पोटातल्या बाळाचा, दवाखान्यात काढलेला काळपट फोटो तिने आईच्या हातात दिला. मी मागून पाहिला. मला त्यात आभाळ दाटून आल्यासारखे काहीतरी दिसले. बायकोने मात्र लगेच सांगितले, "नाक तुझ्यासारखंच आहे गं."

लेकीने फोटो परत घेतला, आईकडे टक लावून पाहत राहिली, आणि उठून आत गेली. बराच वेळ नळ चालू होता. या दिवसांत बायकांचे मन फार हळवे असते.

बुधवार, १९ मार्च

भटकता भटकता आज एक दुकान सापडले. बस थांबते तिथून गल्लीत, कपडे धुवायच्या यंत्रांच्या दुकानामागे. आधी वास आला, मग दुकान दिसले. मी गल्लीतच थांबलो. धणे, चिंच, तागाची गोणी. डोळ्यांत पाणी यायचे कारण नव्हते, पण आले.

आत गोण्या तोंडे उघडून उभ्या. डाळी, तांदूळ, गहू. माप आहे, तागडी आहे. दुकानदार म्हातारा, लहानपण आपल्याकडे गेलेले, मराठी आपल्यासारखीच बोलतो. मी गोणीत हात घालू का, असे विचारले.

"घाला की. त्यासाठीच उघड्या ठेवल्यात. लोक महिन्यातून एकदा येतात, हात घालतात, अर्धा किलो घेतात, आणि माणसात येऊन जातात."

मी मनात त्याचे नाव गोणीवाला ठेवले. बायकोला उद्या आणायचे. तिचे दुखणे हेच असणार. धान्याचा स्पर्श नाही म्हणून मन सैरभैर आहे.

गुरुवार, २० मार्च

माझे खरे ठरले.

जाताना रस्त्यात तिने माझा दंड धरला. लग्नाला एवढी वर्षे झाली, आपल्या रस्त्याने ती माझ्यामागून चार पावले अंतर ठेवून चालायची. मी इकडेतिकडे पाहिले. कोणाचेच लक्ष नव्हते. वाटले, परदेशी येऊन बायको धीट झाली. बरे वाटले, लिहायला हरकत नाही.

दुकानात शिरताच तिने दंड सोडला. एका गोणीकडून दुसरीकडे गेली. मनगटापर्यंत हात घालायची आणि बोलायची. "हा तांदूळ जुना आहे, मोकळा होईल. ही डाळ राहू द्या, ओल लागलीय." गोणीवाला म्हणाला, "वहिनी, हळू बोला, बाकीची गिऱ्हाइकं ऐकतील." ती खळखळून हसली. किती दिवसांनी ऐकले ते हसू.

त्याने विचारले, "पुड्या कशा बांधू?"

"निरनिराळ्या. एक कागदात, एक कापडात, एकीला दोन गाठी मारा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "वहिनींना कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हे… इकडं येऊन?"

"चौथा आठवडा."

"असं," म्हणाला. सुटे पैसे त्याने माझ्याजवळ दिले नाहीत. तिचा हात धरून तळहातावर ठेवले आणि तिची बोटे मिटली. जुन्या वळणाचा माणूस आहे, जरा सलगी जास्त.

घरी येऊन तिने पुड्या बरण्यांसमोर आपल्या पद्धतीने मांडल्या. बरण्यांचे सगळे सौंदर्य गेले. पण रात्रीचे जेवण असे झाले की जावईबापूंनी दोनदा भात घेतला.

लेकीला मी म्हणालो, "बघ, आई ताळ्यावर आली. आता ती बाई नको ना?"

"येऊ दे बाबा ती. ठरवलीय मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण ठाम होती. माझे मन पुन्हा खट्टू झाले.

शुक्रवार, २१ मार्च

लेकीचे वागणे मला समजत नाही. हल्ली घरात सारखी बोलते. खोलीत शिरताना "आई, मी आले गं" म्हणते. आपल्याच घरात वर्दी द्यायची काय गरज? आईला ताट वाढताना "भात पुढे, भाजी उजव्या हाताला" असे सांगते, जसे काही पाहुणीला. आईसाठी लाल भडक कप आणलाय. जावईबापूंनी बैठकीतले बुटके टेबल उचलून भिंतीशी लावले; मला विचारले असते तर सांगितले असते की तिथे ते शोभत नाही.

आईला परकी करून टाकताहेत असे वाटते. बाई ठेवली की पुढची पायरी तिकीट काढून देणे. बायकोला हे बोललो नाही.

रविवार, २३ मार्च

आजचे आजच लिहून ठेवतो.

दुपारी लेक आणि जावई दवाखान्यात गेले होते. मी जिन्यातून वर आलो. दार लोटलेलेच होते. आत बायको कोणाशी तरी बोलत होती.

"अहो, सोड्याचं अजून मनात आहे का? आज सकाळपासून बोलला नाहीत." जरा थांबली. "बरण्या चांगल्या आहेत हो तुमच्या. मी मुद्दाम केलं नाही. रागावलात तर रागवा, पण असं गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात की मला इथं कोणीच नसतं."

मी दारात उभा होतो. खुर्चीच्या पाठीवर माझा कोट अडकवलेला होता आणि वर माझी टोपी. ती त्याच्यासमोर उभी राहून, पदर चाळवत, त्याच्याशी बोलत होती.

एका क्षणात सगळे गिरणीसारखे फिरले. दही. बरण्या. कानाशी हलवलेले पुडे. माझा धरलेला दंड. गोणीवाल्याला जे एका भेटीत दिसले ते मला एवढ्या दिवसांत दिसले नव्हते. आणि मी अक्षरे मोठी करत बसलो होतो.

मी तसाच दोन जिने खाली उतरलो, पाय आपटत पुन्हा वर आलो आणि दारातूनच म्हणालो, "अगं, मी आलो." तिचा चेहरा खुर्चीकडून दाराकडे वळला. खुर्चीपाशी मी नव्हतोच, हे तिला उमजले आणि तिने हात पुढे करून कोट चाचपला.

"किती दिसतं?" मी विचारले.

"उजेड दिसतो. माणूस आहे एवढं दिसतं. कोण ते आवाजावरून. सगळ्याच्या पुढं पीठ उडाल्यासारखं वाटतं."

"कधीपासून?"

"मागल्या वर्षी सुरू झालं. आपल्या घरात काय, डोळे मिटूनही चालेल. इथं येऊन उघडी पडले."

"बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आधी डॉक्टर, मग ऑपरेशन, मग विश्रांती. आणि पोर इथं एकटी बाळंत झाली असती." मग माझा हात चाचपून धरला. "परत गेल्यावर सांगाल ते करते. तोवर तिला सांगू नका. आधीच हात लावू नको म्हणते. हे कळलं तर लांबूनसुद्धा दाखवायची नाही. एकदा घेऊ द्या हो बाळाला. एकदाच."

मी उठून खुर्चीवरचा कोट आणि टोपी उचलून कपाटात ठेवली.

मंगळवार, २५ मार्च

दोन दिवस देवासमोर बसतो आणि तसाच उठतो. सांगितले तर बायकोचा शब्द मोडतो; ती ज्यासाठी समुद्र ओलांडून आली तेच हातचे जाते. नाही सांगितले आणि उद्या तिच्या हातून त्या कोवळ्या जिवाला काही झाले, तर ते पाप माझे. लहानपणी आजोबा सांगत, खोटे बोलू नये आणि खरे बोलून कोणाचे मन मोडू नये. दोन्ही एकदम करायची वेळ आली तर काय, ते सांगितले नाही त्यांनी.

हाताला काम हवे म्हणून बरण्यांकडे वळलो. चिठ्ठ्या ओल्या करून खरवडून काढल्या. साखरेच्या बरणीला सुतळी, रव्याच्या झाकणावर कापड. सोडा उचलून न्हाणीघरात नेऊन टाकला. मिठाची बरणी घेतली तर तिच्या गळ्याला आधीच जाड रबर गुंडाळलेले होते. तेलाच्या बाटलीलाही. शेजारी भांडी घासायच्या पिवळ्या पातळ साबणाची बाटली असते, तिला नव्हते.

बायकोला म्हणालो, "रबराची युक्ती चांगली केलीस."

"मी कुठं? मला वाटलं तुम्हीच लावलीत."

आपण केलेलेही ती विसरते की काय, ही नवी काळजी लागली.

ठरवले. उद्या सकाळी लेकीला सांगायचे. बायको बोलेनाशी झाली तरी चालेल.

बुधवार, २६ मार्च

सांगायचे राहिले. सकाळी मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो, "बाळा, जरा बोलायचं होतं" म्हणालो, आणि तिने भिंतीला हात टेकून ओठ आवळले. जावईबापू गाडीची किल्ली शोधत घरभर धावले. ती त्यांच्याच हातात होती. मायलेकी मागच्या सीटवर बसून गेल्या. मी घरीच थांबलो. गाडीत पिशव्यांमुळे जागा नव्हती.

दिवसभर फोन नाही. दिवा लावला. विझू नये म्हणून त्याच्यापुढे ताट धरून बसलो, वारा नव्हता तरी.

शुक्रवार, २८ मार्च

नात झाली. दोघी सुखरूप. काल कळले, पण लिहायला बसवेना. आज मला घेऊन गेले.

लेक पलंगावर टेकून बसली होती. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर घट्ट धरून. काल दिवसभर ती बाळाजवळ गेली नव्हती, जावईबापूंनी सांगितले. लेक दमून झोपलेली आणि हिने आपणहून मागितले नाही. पाळण्याजवळ परिचारिका होती. मला वाटले, आता बोललो नाही तर कधीच नाही.

"बाळा, आईविषयी तुला एक…"

"थांबा बाबा." लेकीने बाळाला उचलायला सांगितले आणि आईकडे पाहून म्हणाली, "आई, खुर्चीत मागे सरक. पाठ टेकव. दोन्ही हात पुढे कर. डोकं तुझ्या डावीकडे येईल. मानेखाली हात घाल. हं. आता दिली."

परिचारिकेने बाळ तिच्या हातात ठेवले आणि तिचे कोपर नीट टेकलेले आहे ना ते पाहून मागे सरली.

बायकोचा चेहरा लेकीच्या आवाजाकडे होता. ती म्हणाली, "कधी कळलं तुला?"

"सोड्याच्या दुसऱ्या दिवशी. फोटो मी मुद्दाम खालचं वर करून दिला होता गं. तू त्यात माझं नाक बघितलंस."

"मग ती बाई कशाला ठरवलीस?"

"बाळाला नाही. तुझ्या मदतीला. आंघोळ तू घालायची, पाणी तिनं बघायचं. आणि पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. ते काय म्हणतील माहीत नाही, आई. मलाही भीती वाटतेय."

"मला नाही सांगितलंस?" मी विचारले.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं असतं."

"हिला चेहरा दिसत नाही," मी म्हणालो.

"आवाजावरून कळतो," बायको म्हणाली.

तिने एक बोट बाळाच्या कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर आणले. गोणीत हात घालायची तेव्हा व्हायचा तसा चेहरा झाला होता. मग कानापाशी थांबली, पाळी दोन बोटांत धरली आणि हसली.

"कान यांचे आलेत. पोरीच्या जातीला एवढे मोठे."

संध्याकाळी घरी आलो. निरांजनात तेल घालायला बाटली उचलली, लेकीने रबर लावलेली. शेजारची पिवळ्या साबणाची बाटलीही उचलून दोन्ही समोर धरल्या. रंग एक, उंची एक. विझलेल्या वातीचे आणि त्या फेसाचे तेव्हा उलगडले. देवाची क्षमा मागितली. त्याच्यावर उगाच आळ घेतला होता.

मग तेलाचा वास घेऊन पाहिला, आणि दिवा लावला.